आतली कडी

बाबा — तुम्ही लोकांनी माझ्या पोरीला दरोडेखोर ठरवलंत! होय, तुम्हीच! गळ्यात पट्टे अडकवून खुर्च्या उबवणारे तुम्ही! एक परकी पोर दाराआड अन्नपाण्यावाचून पडली होती, तेव्हा तुम्ही कुठं होतात? जिनं दार उघडलं ती गुन्हेगार, आणि जे फिरकलेसुद्धा नाहीत ते न्यायाधीश! कुणी दिला तुम्हाला हा अधिकार? बोला! आता का तोंडाला कुलूप?

लेक — बाबा, ते कपाट आहे.

बाबा — दिसतंय मला. मीच बनवलंय. उद्याची तालीम करतोय.

लेक — कपाटाला घाम फुटलाय.

बाबा — फुटू दे. उद्या तुझ्या कॉलेजच्या त्या समितीला फुटणार आहे. किती जण असतात गं समितीत?

लेक — तिघं. हॉस्टेलच्या रेक्टरबाई, एक सर, आणि एक मॅडम. त्या सारखं म्हणतात, "मी समजू शकते."

बाबा — समजू शकते, तर मग समजत का नाही?

लेक — बाबा, दार.

बाबा — काय दार?

लेक — माझ्या खोलीचं. सकाळपासून उतरवून इथं आडवं घातलंय तुम्ही. मी म्हटलं होतं, आतून एक कडी बसवून द्या. एवढंच. कडी बसवायला दार उतरवावं लागत नाही.

बाबा — फुगलंय ते. आधी रंधा मारायला हवा.

लेक — ऐन उन्हाळ्यात फुगलंय?

बाबा — सुतार कोण आहे? तू का मी?

लेक — तुम्हीच. म्हणून तर म्हणतेय. असाच रंधा चालला तर संध्याकाळपर्यंत दाराचा पुठ्ठा होईल.

बाबा — बोलायला शिकलीस हॉस्टेलात. ये इकडे. हे बघ, रंग कसे निघतायत. वरचा हा पांढरा, तू कॉलेजला गेलीस तेव्हा मारलेला. त्याच्याखाली गुलाबी.

लेक — मी गुलाबी मागितला नव्हता.

बाबा — मुलीची खोली होती.

लेक — मला पिवळा हवा होता.

बाबा — मग बोलायचं ना! कधी म्हणालीस?

लेक — कधी विचारलंत?

बाबा — …त्याच्याखाली हा हिरवा. मी नि तुझी आई इथं राहायला आलो तेव्हा दाराला होताच. आणि इथं, खालच्या पट्टीवर, हात लाव. लाव की!

लेक — खड्डे आहेत.

बाबा — दात आहेत तुझे. दात येत होते तेव्हा तू दार चावायचीस. रबराचं खेळणं आणलं, भिरकावून दिलंस. रांगत यायचीस, दार धरून उभी राहायचीस आणि कुरतडायचीस. तुझी आई म्हणायची, अहो, ही पोर आहे का उंदीर? मी म्हणायचो, सुताराची आहे, लाकूड पारखतेय. दोनदा रंग दिला या दाराला, पण तेवढी पट्टी कधी घासली नाही मी.

लेक — मग आजही नका घासू.

बाबा — नाही घासत. वरच्या बाजूलाच मारतोय रंधा.

लेक — म्हणजे वरून निमुळतं होणार. बाबा, सरळ सांगा ना, कडी नाही बसवायची तुम्हाला.

बाबा — आजवर कधी लागली का कडी? आपल्या घरात कुठल्याच दाराला आतून कडी नाही. कुणाचं काय अडलं? न्हाणीघरालासुद्धा नाही!

लेक — न्हाणीघराचं नाव नका काढू.

बाबा — का? आपला साधा कायदा. आत असलं की गाणं म्हणायचं. गाणं ऐकू आलं की बाहेरच्यानं थांबायचं. कडीपेक्षा बरं. कडीला काय सूर असतो?

लेक — हॉस्टेलात पहिल्या दिवशी मी न्हाणीघरात गेले. तिथं कडी होती, लावलीसुद्धा. तरी सवयीनं गायला लागले, मोठ्यानं. बाहेर आले तर मजलाभर पोरी रांगेत उभ्या, टाळ्या वाजवत. त्या दिवसापासून माझं नाव रेडिओ.

बाबा — रेडिओ? हा हा! चांगलं नाव आहे की!

लेक — वर्षभर मला कुणी खऱ्या नावानं हाक मारली नाही, बाबा.

बाबा — मला कधी बोलली नाहीस.

लेक — तुम्ही निघाला असता तिकडे, हातोडी घेऊन.

बाबा — निघालोच असतो. त्यात काय लपवायचंय?

लेक — आणि दुसऱ्या कुणाला ट्रंकेत घालून हातोडी देतात हो? बाकीच्या पोरींना आयांनी उश्या दिल्या होत्या, पांघरुणं दिली होती. मी ट्रंक उघडली तर वर हातोडी, पान्यांचा सेट, स्क्रूची डबी. माझ्या खोलीतली ती चिमणी नुसती बघतच राहिली. म्हणाली, तू इथं शिकायला आलीस का इमारत बांधायला?

बाबा — चिमणीचं नाव काढू नकोस. चार घास खाणारी पोर म्हणून मीच लाडानं चिमणी म्हणायचो तिला, आणि तिनंच उलटून तक्रार केली.

लेक — तिनं तक्रार नाही केली. रेक्टरबाईंनी केली. ती फक्त एवढंच म्हणाली, मला हिच्याबरोबर राहायचं नाही.

बाबा — त्याला काय म्हणतात मग? पाया पडणं म्हणतात? रोज रात्री तुझ्या व्हिडिओ फोनवर दिसली की मी तिला ओरडायचो, केस ओले ठेवून झोपू नकोस, ताटात टाकू नकोस. स्वतःच्या पोरीसारखं!

लेक — तिला आवडायचं ते.

बाबा — काय?

लेक — तुम्ही ओरडलेलं. पहिल्यांदा घाबरली. मला विचारलं, तुझे बाबा का चिडलेत? मी सांगितलं, चिडले नाहीत, तुझे केस ओले आहेत म्हणतायत. ती उठली आणि केस पुसून आली. दुसऱ्या दिवसापासून तुमच्या फोनच्या वेळेला मुद्दाम ओल्या केसांनी येऊन बसायची.

बाबा — मुद्दाम?

लेक — तिच्या घरी कुणी ओरडत नाही, बाबा. समुद्रापलीकडे त्यांच्याकडे रीतच वेगळी. ती एवढीशी होती तेव्हापासून तिचे आईवडील तिच्या दारावर टकटक करून आत यायचे. काय खाणार, ती ठरवणार. कुठल्या शाळेत जाणार, तिलाच विचारलं. आजारी पडली तरी विचारायचे, डॉक्टरकडे जावंसं वाटतंय का? माझा हेवा करायची ती. आणि मी तिचा. दोघी आपापल्या पलंगावर बसून एकमेकींच्या घराचा हेवा करायचो.

बाबा — तुला आमच्यात काय कमी पडलं म्हणून तू हेवा करायचीस?

लेक — चपला घ्यायला गेलो होतो, आठवतं? मी दुकानातून तुम्हाला फोन केला होता.

बाबा — हो. दोन जोड दाखवलेस. मी म्हटलं तपकिरी घे. टिकाऊ होत्या.

लेक — त्या आधी मी तासभर बाकावर बसून होते. एका पायात तपकिरी, एका पायात निळी. ठरेना. म्हणून फोन केला. तुम्ही सांगितलंत, मी घेतल्या. चिमणी हसून विचारते, पाय कुणाचे आहेत? दुकानदारही हसला. मीही हसले. पण रात्री रडू आलं, बाबा. मला निळ्या हव्या होत्या.

बाबा — निळ्यांचे अंगठे सुटले असते महिन्यात.

लेक — सुटू देत ना!

बाबा — …बरं. पण उद्याचं बोल आता. उद्या मी बोलणार. पालकांना घेऊन या, असं त्यांनीच सांगितलंय. म्हणजे पालकच बोलणार. मी सरळ विचारणार आहे, रेक्टरबाई, त्या पोरीला आत काही झालं असतं तर? शनिवारी संध्याकाळी दार लावलं, रविवारी दुपारपर्यंत उघडलं नाही, हाकेला ओ नाही. माझ्या पोरीनं रात्र व्हरांड्यात काढली. कुणी विचारलं का? आणि ते दार बाहेरच्या बाजूला उघडतं, बिजागऱ्या व्हरांड्यात! कुठल्या गाढवानं बसवलं ते दार? खोलीचं दार आत उघडायला हवं, हे बाळालासुद्धा कळतं.

लेक — हे नका बोलू.

बाबा — का नको? दाराची शिक्षा सुताराला व्हायला पाहिजे! बिजागरीची पिन बाहेर ठेवलीत, तर निघणारच ती. माझ्या पोरीनं कशी सफाईनं काढली! खालची आधी, मग वरची. मी फोनवर सांगत होतो आणि—

लेक — बाबा, तेच. तुम्ही फोनवर सांगत होतात. ते मी तिथं कुणाला सांगितलेलं नाही.

बाबा — मग उद्या सांगू. मीच सांगतो, मी काढायला लावलं! होऊ दे काय व्हायचं ते. मला काढतील का कॉलेजातून? मी गेलोच नाही कधी कॉलेजात!

लेक — दार उघडल्यावर आत काय होतं, ते तुम्ही मला कधी विचारलंत?

बाबा — काय असणार? पोर अर्धमेली. उपाशी. तू वाचवलंस तिला.

लेक — नाही.

बाबा — नाही म्हणजे?

लेक — वरची पिन निघाली आणि दार माझ्या हातून सुटलं. जड होतं. तुम्ही म्हणाला होतात कुणाला तरी धरायला बोलाव, मी नाही बोलावलं. दार व्हरांड्यात आडवं पडलं. एवढा आवाज झाला की मजला हादरला. सगळ्या पोरी धावत आल्या. आणि आत चिमणी आरशासमोर जमिनीवर बसली होती. हातात कात्री. एका बाजूचे केस कापलेले, पार कानापर्यंत. दुसऱ्या बाजूचे कमरेपर्यंत तसेच.

बाबा — कात्री?

लेक — घाबरू नका. केसच कापत होती. पेपरात नापास झाली होती. घरी फोन केला, तर आईवडील शांतपणे म्हणाले, तुझा निर्णय आहे, आम्हाला तुझ्यावर विश्वास आहे. आणि ठेवला फोन. तिला वाटत होतं कुणीतरी ओरडावं. कुणी ओरडलं नाही. मग तिनं दार लावलं, रडली, झोपली, बिस्किटं खाल्ली, पुन्हा रडली. आणि मग ठरवलं की केस कापायचे. कुणाला न विचारता ठरवण्याची ही तिची पहिली वेळ नव्हती, ती सगळंच ठरवायची. पण या वेळी तिला कुणी बघायला नको होतं. दोन्ही बाजू सारख्या होईपर्यंत. आणि मी दार पाडलं.

बाबा — आणि सगळ्या पोरी बघत होत्या?

लेक — मागून कुणीतरी हसलं. मग बऱ्याच जणी हसल्या. चिमणीनं माझ्याकडे बघितलं. ओरडली नाही. त्यांच्याकडे ओरडत नाहीत ना. हळूच म्हणाली, मला फक्त थोडा वेळ हवा होता.

बाबा — मग हाकेला ओ द्यायची होती! आत आहे, बरी आहे, एवढं सांगायला काय तोंड दुखत होतं?

लेक — दिली होती.

बाबा — काय?

लेक — सकाळी दिली होती. मी दाराला कान लावून विचारलं, ठीक आहेस ना? ती म्हणाली, नंतर. एकच शब्द. नंतर. मला कळलं होतं, बाबा. मला वाटत होतं थांबावं. तरी राहवेना, म्हणून तुम्हाला फोन केला. तुम्ही म्हणालात, नंतर म्हणजे काय, काढ दार. आणि मी काढलं. मी विचारच केला नाही. तपकिरी चपला घेतल्या तसं.

आई — अहो, अजून ते दार आडवंच आहे का? मी जेवायच्या सुट्टीत आलेय, लाँड्रीत परत जायचंय. घरात शिरायला वाट ठेवा.

बाबा — ये. ये आणि ऐक तुझी पोरगी काय म्हणतेय. सगळं माझ्यामुळे झालं म्हणे.

आई — ऐकलं जिन्यातूनच. तुम्हा दोघांचं बोलणं ऐकायला या घरात काय दाराला कान लावावा लागतो?

लेक — आई, तुला कळतंय ना मी काय म्हणतेय?

आई — कळतंय. आणि यांचंही कळतंय. नंतर म्हणून आत गेलेली माणसं कधीकधी बाहेर येत नाहीत. आमच्या लाँड्रीतल्या इस्त्रीवालीची बहीण अशीच गेली. म्हणून कुणाचंच चुकलं नाही असं नाही, आणि कुणा एकाचंच चुकलं असंही नाही. तुम्ही तो रंधा खाली ठेवा आधी. कडीचा डबा कुठाय?

बाबा — कुठला डबा?

आई — आता वेड पांघरू नका. कपाटाच्या वर, मागे. मी रोज पुसते तो.

लेक — कडीचा डबा? म्हणजे कड्या आहेत घरात?

आई — प्रत्येक दाराची आहे. या घरात आलो त्या दिवशी यांनी आधी सामान नाही लावलं. आधी सगळ्या दारांच्या कड्या काढल्या. मी नवी नवरी, ट्रंकेवर बसून बघतेय, की हा माणूस कसला!

लेक — का पण?

आई — सांगा तिला.

बाबा — काही सांगण्यासारखं नाही.

आई — मग मी सांगते. तुझे आजोबा मास्तर होते. पोरगा कॉलेजात गेलाच पाहिजे, असा हट्ट. परीक्षा जवळ आली की याला खोलीत घालायचे आणि बाहेरून कडी. जेवायला उघडायचे, पुन्हा कडी. बाहेर भावंडं खेळतायत, तो आवाज आत, आणि हा पुस्तकापुढं.

बाबा — पुस्तकाचं नावसुद्धा आठवत नाही मला. आवाज आठवतो. विटीदांडूचा. कोण आउट झालं ते आवाजावरून कळायचं. आत बसून मी सगळा डाव खेळायचो. आणि कडीचा आवाज. वडील कडी लावायचे तेव्हा ती आधी किरकिरायची, मग खट्. त्या खट्‌वर पोटात कळ यायची. ते मारत नव्हते हं मला. कधी हात नाही लावला. प्रेमच होतं त्यांचं. प्रेमानंच कोंडलं.

लेक — मग?

आई — मग काय, परीक्षेच्या दिवशी वडील कडी काढतात तर आत कुणी नाही. खिडकीतून उडी मारून पाय मुरगळून घेतला, आणि लंगडत गेला तो थेट फर्निचरच्या कारखान्यात. त्या दिवसापासून सुतार.

बाबा — पहिल्या दिवशी मालकानं विचारलं, काय येतं? मी म्हटलं, दार उघडता येतं. मालक हसला. ठेवून घेतलं. म्हणून ठरवलं, माझ्या घरात कुणी कुणाला कोंडणार नाही. कडीच नको. माझ्या पोरीला असं वाटायला नको की आपल्याला बाहेर पडता येत नाही.

लेक — मला कधीच नाही वाटलं तसं, बाबा. बाहेर कधीही पडता आलं. आत बसता नाही आलं.

आई — मी ताटं वाढते. तुमचं चालू द्या.

लेक — आणि असं नका समजू की मला काही आठवत नाही. आठवतं. रात्री दिवे मालवले की सगळी दारं सताड, आणि अंधारात तुम्ही विचारायचात, "झोपलात का?" आणि आम्ही सगळ्यांनी ओरडायचं, "हो!"

बाबा — आणि आई म्हणायची, झोपलेली माणसं ओरडतात का.

लेक — रोज. रोज तोच विनोद, आणि रोज आपण हसायचो. हॉस्टेलात पहिल्या रात्री दिवा घालवला आणि माझ्या तोंडून आपोआप निघून गेलं, "झोपलात का?" चिमणीनं विचारलं, म्हणजे काय? मी सांगितलं. आणि मग अंधारातून तिचा आवाज, अगदी नीट, "हो!" ते एकच अक्षर शिकली ती आपल्या भाषेतलं. वर्षभर रोज म्हटलं.

बाबा — चिमणीनं?

लेक — आता त्यांनी मला वेगळी खोली दिलीय. एकटीची. कडीवाली. पहिल्या रात्री मी विचारलं, झोपलात का? कुणी उत्तर दिलं नाही. मग कडी लावून बघितली. भीती वाटली. काढली. पुन्हा लावली. सकाळपर्यंत तेच. म्हणून मी म्हटलं, आधी घरी जाते, घरी सवय करते. म्हणून कडी हवीय, बाबा. तुमच्यापासून लपायला नाही.

बाबा — घरीच राहा ना मग. कॉलेज इथून जाऊन येऊन करता येतं. लांब पडेल, पण रात्री घरी असशील. त्यांनीही तेच सांगितलंय ना? एक तर माफी मागून हॉस्टेलात राहा, नाहीतर हॉस्टेल सोड. मग सोड ते हॉस्टेल. ठरलं.

लेक — बाबा.

बाबा — काय?

लेक — ठरलं नाही.

बाबा — …बरं. तू म्हण.

लेक — मी हॉस्टेलातच राहणार. उद्या समितीपुढं मी एकटी बोलणार. तुम्ही याल, कारण पालक हवेत. पण तुम्ही बाहेर बाकावर बसायचं. दार बंद असेल. ते उघडायचं नाही.

बाबा — आणि आत तुला रडवलं तर?

लेक — तरी नाही.

बाबा — ती समजू शकते-वाली काहीबाही बोलली तर?

लेक — मी बोलेन तिच्याशी.

बाबा — आणि दार काढायला मी सांगितलं, ते कोण सांगणार?

लेक — कुणीच नाही. पिन माझ्या हातानं निघाली. माफी समितीची नाही मागणार मी, त्यांचं मी काही पाडलं नाही, एक दार सोडून. ते बसवून देईन, म्हणेन, सुताराची मुलगी आहे. माफी चिमणीची. तिच्या दारावर टकटक करेन. उघडलं तर उघडलं. नाहीतर थांबेन. आणि नापास झालीस म्हणून ओरडेनसुद्धा, तिला चालत असेल तर. आधी विचारेन.

बाबा — ओरडायला विचारतात का कुणी!

लेक — विचारायचं असतं.

बाबा — …डबा आण तो. खुर्चीवर चढू नकोस, डुगडुगते ती. नाही, थांब. चढ. तुझं तू बघ.

लेक — हा घ्या. केवढ्या कड्या! पितळी आहेत.

बाबा — यातली ही तुझ्या दाराची. बघ, डाग आहे हिरव्या रंगाचा. जुनी भोकं मी तेव्हा खुंट्या मारून बुजवली होती, इथंच. ती पुन्हा उघडू नयेत. नवी पाडू. गिरमिट दे. आता सांग, किती उंचीवर?

लेक — तुम्हीच ठरवा… नाही, थांबा. इथं. माझ्या खांद्याशी.

बाबा — थोडी खाली असती तर—

लेक — बाबा.

बाबा — इथं. बरोबर. इथंच. आणि किरकिरायला नको ती. तेल घालतो.

(दार पुन्हा चौकटीत उभं राहिलं; खालच्या पट्टीवरचे दात तसेच. लेक आत गेली. बाबा बाहेर, गिरमिट हातातच. स्वयंपाकघरात आई ताटं मांडत होती, पण भांड्यांचा आवाज येत नव्हता. कडी सरकली. किरकिरली नाही. नुसतं खट् झालं, आणि बाबांचा हात पोटाशी गेला.)

लेक — लागली! आता तुम्ही टकटक करा.

बाबा — कशाला? मला माहितेय तू आत आहेस.

लेक — उद्याची तालीम. करा.

बाबा — ही घे. टक टक. अगं, ढकलतोय तर उघडत नाही हे!

लेक — कडी आहे त्याला! टकटक केली की ढकलायचं नसतं. थांबायचं असतं.

बाबा — किती थांबायचं?

लेक — आतून उत्तर येईपर्यंत.

बाबा — आणि नाहीच आलं तर?

लेक — …

बाबा — ऐकलंस का? नाहीच आलं तर?

आई — अहो, थांबा जरा. पोरीला बसू द्या आत.

बाबा — थांबलोच आहे. काय करतोय मी? उभा तर आहे. पुन्हा टकटक करू का? बरं, नाही करत. बाकावर बसतो, ही खुर्चीच उद्याचा बाक. हा बसलो. बघ, हातातलं गिरमिटसुद्धा खाली ठेवलं. आपलं घर, भरदुपार, आणि मी माझ्याच पोरीच्या दाराबाहेर बसलोय, गप्प, अगदी गप्प… झोपलीस का? अगं, हो तरी म्हण. उत्तर दे.